टेबलावरचं काम आणि मनाचं समाधान : सरकारी नोकरीतल्या नागपूरकरांशी बोलायचं आहे

आस्थापना_लिपिक | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी नागपूरच्या एका राज्य शासकीय कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, आज वरिष्ठ लिपिक आहे, सत्तावीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्यानं रुजू झालेली एक मुलगी डबा खाता खाता म्हणाली, "सर, एवढा अभ्यास करून इथं आले आणि दिवसभर आलेला कागद पुढं सरकवते. तुम्हाला सत्तावीस वर्षं कसं जमलं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाताना अजनी पुलावर गाडी अडकली होती, तेव्हाही तेच डोक्यात घोळत होतं.

खरं उत्तर असं आहे की पहिली अकरा वर्षं मला जमलं नव्हतं.

त्या काळात माझं टेबल मधलं होतं. खालून नस्ती, म्हणजे फाईल, यायची, मी टिप्पणी लिहायचो आणि "मान्यतेस्तव सादर" करून वर पाठवायचो. वर काय झालं, ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस कोण, काही कळायचं नाही. पगार वेळेवर, जुलैत वेतनवाढ, मानेवाड्याला घराचं कर्ज फिटत होतं. नोकरीत खूश आहेस का असं कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आणि त्याच काळात माझ्याकडे नस्त्या चार-चार, पाच-पाच दिवस पडून राहायच्या. मुद्दाम नाही. आज केली काय अन् परवा केली काय, मला फरकच दिसत नव्हता.

मग मला पेन्शनचं टेबल मिळालं.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची निवृत्तीवेतनाची प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. त्याआधी सेवापुस्तक पहिल्या पानापासून तपासावं लागतं. दरवर्षीची सेवा पडताळणीची नोंद, प्रत्येक वेतननिश्चिती, वेतन पडताळणी पथकाचा शिक्का, रजेचा हिशेब. एक सही राहून गेली की आक्षेप लागून प्रकरण परत येतं. नियमानं निवृत्तीच्या सहा महिने आधी कागद तिकडे पोचले पाहिजेत. माणूस सेवेत असतानाच गेला तर सगळं उलटं होतं. तो गेल्यावर आपण त्याचं सेवापुस्तक उघडून बसतो.

असंच एका वाहनचालकाचं प्रकरण माझ्याकडे आलं. त्यांची बायको भिवापूरकडून एसटीनं यायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, दोघांचे जोडफोटो आणि बँकेचं पासबुक. मे महिना होता. कूलरसमोर बस म्हटलं तरी ती दाराजवळच्या बाकावर बसायची, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून. सेवापुस्तकात पाचव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीखाली साहेबांची सही नव्हती. मूळ विवरणपत्र सापडल्याशिवाय पुढं जाता येईना. मी तीन दिवस अभिलेख कक्षात रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडत बसलो. लाल फडकं सोडायचं, धूळ झटकायची, एकेक कागद बघायचा, पुन्हा बांधायचं. तिसऱ्या दिवशी भलत्याच वर्षाच्या गठ्ठ्यात ते विवरणपत्र सापडलं.

कुटुंब निवृत्तीवेतनाचा आदेश आल्यावर मी तिच्या मुलाला फोन केला. महिना-दीड महिन्यानं ती पुन्हा आली. मला वाटलं काही अडलं. तिनं पासबुक उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे पाहा जी, आलं." एवढंच सांगायला ती एसटीनं आली होती.

त्यानंतर माझ्या टेबलावर नस्ती कधी विनाकारण थांबली नाही. पगार तोच, साहेब तेच, खुर्चीसुद्धा तीच. म्हणून मला वाटतं की सरकारी नोकरीतलं समाधान म्हणजे आपलं काम कुठं जाऊन पोचतं ते दिसणं. ते दिसलं की काम आपोआप सुधारतं. पगार, बढती, रजा यांची गरज आहेच, त्यांच्यासाठी मी स्वतः संपावर गेलेलो आहे, पण त्यांनी माझा कामाचा हात बदलला नव्हता.

तुमचा अनुभव काय? सरकारी, निमसरकारी, महामंडळ, रेल्वे, बँक, कुठंही असा, लिहा.

---

उमरेड_रोड | शनिवार, रात्री १०:२५

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून बरं वाटलं, पण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. वडील गेल्यावर शेताच्या वारस नोंदीसाठी मी एका कार्यालयात आठ हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवून. तिथं कुणी दुःखी दिसलं नाही. पगार चांगला, २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. समाधानानं काम वाढतं असं असेल तर माझं काम पहिल्याच खेपेला व्हायला पाहिजे होतं. मला तर वाटतं नोकरी जाण्याची भीती नाही म्हणून काम होत नाही.

---

आस्थापना_लिपिक | शनिवार, रात्री ११:०५

@उमरेड_रोड, तुमचे आठ दिवस गेले त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचा राग रास्त आहे.

पण तुम्ही पाहिलात तो निवांतपणा. माझ्याकडेही तो अकरा वर्षं होता. मी धाग्यात जे म्हणतोय ते वेगळं आहे.

भीतीबद्दल म्हणाल तर कायदे आहेत. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच लिहिलं आहे की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. तुमची सेवा त्या यादीत असेल तर अपील जरूर करा, संकोच करू नका. पण भीतीनं होतं काय, तेही मी आतून पाहिलं आहे. सहाव्या दिवशी नस्तीवर एक शेरा मारून ती परत खाली पाठवतात. "सबब सुस्पष्ट प्रस्ताव सादर करावा." मुदत पाळली गेली आणि तुमचा नववा हेलपाटा तयार झाला.

---

धंतोलीची_प्राध्यापिका | रविवार, सकाळी ८:१५

मी एमबीएच्या मुलांना मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवते आणि हा विषय दरवर्षी वर्गात निघतो. लिपिकदादा, तुम्ही एका पासबुकावरून जिथं पोचलात तिथं संशोधकांना बरीच वर्षं लागली.

समाधानी कर्मचारी चांगलं काम करतो हे सगळ्यांना इतकं पटलेलं असतं की कुणी मोजायला जात नाही. ज्यांनी मोजलं त्यांचे आकडे लहान आले. १९८५ मध्ये इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) जेमतेम ०.१७ निघाला. २००१ मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, म्हणजे ५४ हजारांवर कर्मचारी, पुन्हा तपासले. त्यांनी मोजमापातल्या चुकांचा हिशेब अधिक काटेकोरपणे केला आणि आकडा ०.३० आला. म्हणजे संबंध आहे, पण समाधान दिलं की काम आलंच, असं नाही. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या कामात डोकं लावावं लागतं, निर्णय घ्यावे लागतात, तिथं हा संबंध ०.५२ पर्यंत जातो. साध्या, ठरावीक कामात तो ०.२९ वरच राहतो. "मान्यतेस्तव सादर" या दोन शब्दांपुरतंच काम असेल तर माणूस आतून खूश असो की नाराज, कागदावर फार फरक पडणार नाही.

दुसरं, बाण उलटाही असू शकतो. पोर्टर आणि लॉलर यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की चांगलं काम झालं, त्याचं काही फळ मिळालं, की समाधान येतं. तुमच्या गोष्टीतही आधी रुमाल सोडून कागद शोधलात आणि मग ते बोट पासबुकावर आलं.

आणि अ‍ॅडम ग्रँट यांचा एक प्रयोग तर तुमचीच गोष्ट आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या काही मुलांना त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी भेटवला. फक्त काही मिनिटं. महिन्याभरानं त्या मुलांचा फोनवरचा वेळ आणि जमलेली रक्कम, दोन्ही दुपटीच्या वर गेलं होतं. पगार वाढवला नव्हता, देखरेख वाढवली नव्हती.

हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पगार, नियम, साहेबांची वागणूक, बसायची जागा यांना एका बाजूला ठेवलं आणि काम पार पडणं, दखल घेतली जाणं, जबाबदारी मिळणं यांना दुसऱ्या. पहिल्या गटानं नाराजी जाते, दुसऱ्यानं उमेद येते. त्यांच्या पद्धतीवर पुढं बरीच टीका झाली, पण @उमरेड_रोड यांनी पाहिलेलं कार्यालय समजायला ही मांडणी उपयोगी पडते. तिथं नाराजी नव्हती. उमेदही नव्हती.

---

पाळी_क्र_३ | रविवार, दुपारी १२:५०

मॅडमनं चांगलं समजावून सांगितलं. मी वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे, नागपूरच्या जवळच.

आमच्याकडे काम कुठं पोचते ते रोज डोळ्यासमोर असते. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर मेगावॅटचा आकडा हलत राहते. मागं रात्रपाळीत बॉयलरची ट्यूब लीक होऊन युनिट बंद पडलं. बाहेर उन्हाळा असा की रात्री दोन वाजतासुद्धा वारा भट्टीसारखा. बॉयलर थंड होईस्तोवर थांबायचं, मग आत शिरून लीक शोधायची, ट्यूब कापायची, नवीन वेल्ड करायची, पाण्याचा दाब देऊन तपासायची. तीन दिवसांनी युनिट ग्रिडला जोडलं अन् आकडा चढून राहिला होता, तेव्हा कोणी घरी जायला तयार नव्हतं. सगळे पडद्याकडे पाहत उभे.

पण त्या वेल्डिंगवाल्या पोराचं नाव कुठंच आलं नाही. तो कंत्राटी. अहवालात फक्त "काम वेळेत पूर्ण" एवढं लिहिलं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा सांगितलं तेवढंच केलं अन् निघून गेला. त्याच्या हातात तीच कला होती. मी त्याला दोष देत नाही.

---

टंकन_४० | रविवार, दुपारी १:३०

वरचं वाचून लिहायची हिंमत आली. मी बाह्यस्रोतातून लागलेली डेटा एन्ट्री ऑपरेटर, अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवस खंड, मग पुन्हा आदेश. माझ्या शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या कायम ताईंचा पगार माझ्या तिप्पट आहे. त्या फार चांगल्या आहेत, माझ्यासाठी भांडतातही. पण कार्यालयात कुणाचा सत्कार असला, प्रशिक्षण असलं, की यादीत आमचं नाव नसतं. मी काम चोख करते कारण दाखला घ्यायला आलेली मुलं माझ्याच वयाची असतात, त्यांची प्रवेशाची शेवटची तारीख असते. समाधान त्यांच्याकडून मिळतं. आदेशाची मुदत संपत आली की मात्र पंधरा दिवस हात चालत नाही.

---

वैनगंगा | रविवार, रात्री ८:४०

माझा अनुभव थोडा उलटा आहे.

नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये नऊ वर्षं काढून माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी झाली. घरी रडारड. मुलगी नववीत, आईला दम्याचा त्रास. रद्द करून घ्यायला मी सहा महिने धडपडलो, सगळ्यांचे पाय धरले. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या, वेतनश्रेणीचा लाभ मिळणार होता, पण त्या पैशानं कुणाचं मन भरणार होतं?

गेलो. आणि नोकरीतली माझी सगळ्यात चांगली तीन वर्षं तिथली आहेत.

कारण साधं होतं. नागपूरला माझ्या डोक्यावर एकाच इमारतीत चार साहेब होते. साध्या स्मरणपत्रावरही दोन सह्या लागायच्या. तिथं साहेबांकडेच आणखी दोन तालुक्यांचा अतिरिक्त कार्यभार. आठवड्यातून एकदा यायचे आणि म्हणायचे, "तुम्ही ठरवा, नियमात बसवा, मी पाठीशी आहे." वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या गावकऱ्यांच्या हक्काच्या, दाव्यांचं काम होतं. ग्रामसभेत जाऊन बसायचं, नकाशा जमिनीवर पसरून लोकांना हद्द दाखवायची, ते दुरुस्त करणार, मग आपण लिहिणार. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला होता, त्यामुळं आसपासच्या गावांना नेमकं काय मागायचं ते माहीत होतं. चूक केली तर तोंडावर सांगत. मी रात्री कंदिलाच्या उजेडात नियम वाचलेत, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

परत नागपूरला आलो आणि दोन महिन्यांत पुन्हा पूर्वीसारखा झालो. तोच मी. मग माझ्या गोपनीय अहवालात "कार्यक्षमता" या रकान्यात जे लिहितात ते माझ्याबद्दल असतं की माझ्या टेबलाबद्दल?

---

धंतोलीची_प्राध्यापिका | रविवार, रात्री ९:३५

@वैनगंगा, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले.

नायजेरियाच्या केंद्रीय प्रशासनात रसूल आणि रॉजर यांनी चार हजारांहून अधिक सार्वजनिक कामं तपासली होती, रस्ते, विहिरी, इमारती. जिथं कर्मचाऱ्यांना निर्णयाची मोकळीक जास्त होती तिथं कामं पूर्ण होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आणि जिथं देखरेख आणि बक्षिसांचा जोर जास्त तिथं ते कमी आढळलं. देश वेगळा आहे, पण तुमचं गडचिरोली आणि तुमचं सिव्हिल लाईन्स मला त्यात दिसतं.

बदल्यांचंही तसंच. राजस्थानात पोलिसांवर एक मोठा प्रयोग झाला. काही ठाण्यांत ठरावीक काळ बदल्या थांबवल्या, काहींत प्रशिक्षण दिलं, आणखीही दोन-तीन उपाय होते. बदल्या थांबवणं आणि प्रशिक्षण या दोनच गोष्टींचा ठळक उपयोग दिसला. तुमच्या बाबतीत बदलीनंच भलं केलं, पण तिथं गेल्यावर पूर्ण तीन वर्षं राहायला मिळालं हेही विसरू नका.

---

रात्रपाळी_सिस्टर | रविवार, रात्री ११:५०

आत्ता वॉर्डातून बाहेर आले. सरकारी रुग्णालयात आहे, कोणतं ते लिहीत नाही.

काम कुठं पोचतं ते दिसलं की समाधान मिळतं, हे आमच्याकडे पहिल्या दिवसापासून दिसतं. पेशंट चालत घरी जातो. दिसायचा प्रश्नच नाही. पण एका वॉर्डात साठ पेशंट आणि आम्ही दोघी असलो की तेच दिसणं त्रास देतं. कारण तेव्हा जे झालं नाही तेही दिसतं. सलाईन संपून पाच मिनिटं झालेली असतात आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असता. आजी हात वर करून ठेवतात, हाक मारत नाहीत, पोरगी दमली आहे म्हणून. घरी गेल्यावर तो वर केलेला हात दिसतो.

म्हणून दादा, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. आधी माणसं द्या. रिक्त पदं भरा. एका माणसाच्या वाट्याला तीन माणसांचं काम देऊन त्याला समाधान विचारू नका.

आणि हजेरीचं यंत्र. अंगठा दोन मिनिटं उशिरा लागला की अर्धी रजा जाते. रात्रपाळी संपल्यावर मी पाऊण तास जास्त थांबले ते यंत्रात कुठंच येत नाही.

---

धंतोलीची_प्राध्यापिका | सोमवार, सकाळी ७:०५

सिस्टर, तुमचं बरोबर आहे. माझ्या आकड्यांत वॉर्डातली दोन माणसं आणि साठ पेशंट कुठंच नाहीत.

यंत्राबद्दल एवढंच सांगते. उदयपूर जिल्ह्यात परिचारिकांच्या हजेरीसाठी तारीख-वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं लावली होती. सुरुवातीला हजेरी सुधारली. मग "सूट असलेले दिवस" वाढत गेले आणि सोळा महिन्यांत परिणाम पुसला गेला. बॅनर्जी, डुफ्लो आणि ग्लेनर्स्टर यांनी ते २००८ मध्ये प्रसिद्ध केलं.

---

झिरो_माईल | सोमवार, दुपारी २:१०

हिवाळी अधिवेशनाचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? १९५३ च्या नागपूर करारामुळं सरकार दरवर्षी इथं येतं आणि डिसेंबरात आमच्या कार्यालयाचं रूप पालटतं. आमदारांचा तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं) सायंकाळी येतो, उत्तर सकाळी सभागृहात पाहिजे. एरवी चार वाजता टेबल आवरणारे लोक रात्री बारापर्यंत आकडे जुळवत बसतात, कुणी पोहे आणतं, कुणी चहा. दुसऱ्या दिवशी आपलं उत्तर सभागृहात वाचलं जातं. @आस्थापना_लिपिक, तुमचं म्हणणं मला तिथं शंभर टक्के खरं वाटतं. माणसं तीच, इमारत तीच.

फक्त तेरा-चौदा दिवसांनी सगळे आजारी पडतात, हेही लिहिलं पाहिजे. सिस्टर म्हणतात ते त्यामुळं पटतं.

---

आस्थापना_लिपिक | सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. मी माझं म्हणणं दुरुस्त करतो. काम पोचलेलं दिसणं हे समाधान, पण ते करायला पुरेशी माणसं आणि पुरेसा वेळ असेल तरच. माझ्या टेबलावर एका वेळी तीस-चाळीस प्रकरणं असतात, तीनशे असती तर ती भिवापूरची बाई मला आठवलीही नसती.

टंकन_४०, तुमच्या आदेशाच्या शेवटच्या पंधरा दिवसांबद्दल मी आमच्या संघटनेच्या बैठकीत बोलणार आहे. होईलच असं नाही, पण बोलणार.

आज त्या नवीन मुलीला मी माझ्या टेबलावर बसवलं. साहेबांना विचारून एक पूर्ण प्रकरण तिच्याकडे दिलं, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानापासून आदेश येईपर्यंत. सप्टेंबरात निवृत्त होणारे एक शिपाई आहेत. ती स्वतः जाऊन त्यांना भेटली आणि परत येऊन म्हणाली, "सर, त्यांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख अक्षरी लिहिलेलीच नाही." सत्तावीस वर्षांत मलाही ते आधी दिसलं नसतं.

---

वैनगंगा | सोमवार, रात्री १०:००

दादा, तुम्ही पेन्शनच्या टेबलावर नोंदी कशा ठेवता? आमच्याकडे कार्यविवरण नोंदवही आहे, पण त्यात कागद आला आणि कागद गेला, एवढंच कळतं.

---

आस्थापना_लिपिक | सोमवार, रात्री १०:२५

साधी दोनशे पानी वही आहे, महाल भागातल्या दुकानातून घेतलेली. रकाने असे: नाव, निवृत्तीची तारीख, सेवापुस्तक तपासलं ती तारीख, प्रकरण महालेखापालांकडे गेलं ती तारीख, आक्षेप असल्यास काय, आदेशाचा क्रमांक. शेवटचा रकाना मी त्या बाईनंतर वाढवला. त्यात लिहितो, पहिली पेन्शन खात्यात जमा झाल्याचं मला कुणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी. तो रकाना भरेपर्यंत ओळीवर रेघ मारत नाही.